आधी उखळी, मग चेहरा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत सांध्यांची मातीची बाहुली घरी करण्याची कृती छापून आली. विषय निघाला हे बरेच झाले, पण त्या कृतीने बाहुली होणार नाही. शाडूचे भरीव अंग, आत तारेचा सांगाडा, दोन दिवस कडक ऊन आणि शेवटी शिवणसामानाच्या दुकानातले चपटे इलॅस्टिक, या चारही चुकांचे मूळ एकच आहे. लेखात बाहुलीला मूर्ती धरले आहे. मूर्ती एकदा बसली की बसली. तिच्यावर ताण येत नाही, म्हणून शाडू दहा दिवस छान टिकतो आणि पाण्यात विरघळतो, तोच त्याचा गुण. या बाहुलीच्या पोटातून ताणलेले इलॅस्टिक जाते आणि ते रात्रंदिवस प्रत्येक सांधा आत ओढत असते. शाडूच्या कडा त्या ओढीने आठवडाभरात झडतात.

सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना फरक चटकन कळेल. ती बाहुली वरच्या दोरीला लटकते, म्हणून तिचे सांधे ढिले लागतात. ही बाहुली आतल्या ताणावर उभी राहते, म्हणून तिचे सांधे घट्ट आणि तरी फिरते लागतात. शाळेच्या पुस्तकात ज्याला उखळीचा सांधा म्हणतात तोच हा: एका अवयवाच्या टोकाला गोळा, दुसऱ्याच्या टोकाला उखळी. बर्लिनमध्ये हान्स बेलमर या कलावंताने १९३०च्या दशकात असे सांधे आपल्या बाहुलीत वापरले. पुढे जपानमध्ये योत्सुया सिमोन या बाहुलीकारांनी ते काम आपलेसे केले आणि १९७८ मध्ये त्याची शाळाही काढली. बाजारात मिळणाऱ्या रेझिनच्या बाहुल्या त्यानंतरच्या, १९९९ पासूनच्या. जपानी कारागीर आजही दगडाच्या भुकटीच्या, हवेत वाळणाऱ्या मातीत काम करतात आणि घरी करायची तर तीच वाट सोपी.

ही माती आयात केलेली मिळते, 'लाडॉल' हे त्यातले नाणावलेले नाव. ती महाग वाटली तर घरी लगदा करता येतो. ५० ग्रॅम कोरडा टिश्यू पेपर रात्रभर भिजवून मिक्सरमधून काढावा आणि फडक्यात घट्ट पिळावा. त्यात २५० ग्रॅम व्हायटिंग पावडर (खडूची बारीक भुकटी), १२० ग्रॅम फेव्हिकॉल, एक मोठा चमचा जवसाचे तेल आणि बुरशी धरू नये म्हणून लवंगेच्या तेलाचे चार थेंब घालून कणकेसारखे मळावे. हाताला चिकटले तर व्हायटिंग, भेगाळले तर फेव्हिकॉल वाढवावे. बोटे, कान असले नाजूक काम यात जमत नाही. तेवढ्यापुरती विकतची माती घ्यावी.

कुठलीही माती घ्या, ती आकसते, आणि किती आकसते ते पुडक्यावर वाचून उपयोगाचे नाही. मातीची १० सेंमी लांब, बोटभर रुंद, ५ मिमी जाडीची पट्टी करून वाळवा आणि मोजा. ९.४ सेंमी भरली तर घट ६ टक्के. म्हणजे ४० सेंमीची बाहुली हवी असेल तर आराखडा साडेबेचाळीस सेंमीचा काढायचा. आलेखाच्या कागदावर समोरून आणि बाजूने अशी दोन पूर्ण मापाची चित्रे हवीत आणि त्यावर प्रत्येक सांध्याच्या जागी कंपासने वर्तुळ हवे. वर्तुळ समोरच्या चित्रात बसते पण बाजूच्या चित्रात अंगाबाहेर येते, असे गुडघ्याला हमखास होते. ते कागदावर खोडता येते, मातीत नाही.

धड, डोके आणि मांड्या यांच्यासाठी थर्माकोलचा गाभा कोरावा, आराखड्याच्या रेषेपासून सगळीकडून ५ मिमी आत. त्यावर खाऊ गुंडाळायची पातळ पारदर्शक फिल्म लपेटावी आणि ५ मिमीचा मातीचा थर चढवावा. पोटरी आणि हात यांच्यासाठी सरबताची नळी पुरते. तारेचा सांगाडा नको, कारण माती आकसते आणि तार आकसत नाही, मग भेग तारेच्या रेषेनेच जाते. तार फक्त बोटांत घालावी, पितळी, १ मिमीहून पातळ, फेव्हिकॉल लावून.

वाळवणे सावलीत. उन्हात बाहेरचा थर आधी आकसतो, आतला ओलाच राहतो आणि साल तडकते. पंखा चालेल, पण झोत थेट नको, आणि दर काही तासांनी कूस बदलावी. पूर्ण वाळले का, याची खूण डोळ्यांना दिसत नाही. तुकडा गालाला लावून पाहावा, गार लागला तर आत ओल आहे. त्याहून खात्रीचा उपाय स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याचा: लागोपाठ दोन दिवस वजन तेच भरले की वाळले. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात याला आठवडा लागू शकतो. जुलैत हे काम काढूच नये असे आमचे मत.

वाळल्यावर धड कुशीच्या रेषेने हॅकसॉच्या पात्याने कापून दोन फाके करायचे. कापण्याआधी रेषेवर आडव्या चार-पाच पेन्सिलखुणा कराव्यात, नाहीतर फाके पुन्हा जुळवताना अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होतो आणि बाहुली जन्मभर तिरकी उभी राहते. गाभा काढून टाका, आतून खरवडून भिंत सारखी करा, त्याच मातीत फेव्हिकॉल आणि पाणी घालून केलेल्या लपशीने फाके जोडा आणि रबरबँडने आवळा. थर्माकोल पेट्रोलने विरघळवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नये. फाके केल्यावर तो बोटाने निघतो.

आता खरे काम. लेखात सांध्यांना तीन ओळी आहेत आणि पापण्यांना दीड रकाना, इथेच सगळे फसले आहे. अवयव वाळले की पहिला दिवस सांध्यांना द्यावा. मान एक, आणि खांदे, कोपर, मनगट, खुबे, गुडघे, घोटे दोन-दोन, असे तेरा गोळे लागतात. ओल्या मातीचे गोळे वळून वाळवले तर ते टेकल्या बाजूला चपटे होतात. त्याऐवजी लाकडी मणी घ्या. गोल असतात, आकसत नाहीत, भोकही पाडलेले असते. ४० सेंमीच्या बाहुलीला खुब्यासाठी २५ मिमी, गुडघ्याला २०, खांद्याला आणि मानेला १८, कोपराला १६, घोट्याला १४, मनगटाला १० मिमी असे मणी बसतात. मणी खालच्या अवयवाच्या वरच्या टोकाला चिकटवायचा, म्हणजे गुडघ्याचा पोटरीला, कोपराचा पुढच्या हाताला. मानेचेही तसेच: मणी मानेवर, उखळी डोक्याच्या तळाला.

उखळी मण्यानेच दाबून करायची, पण नुसत्या मण्याने नाही. २० मिमीच्या मण्याने दाबलेली उखळी वाळून पावणेएकोणीसवर येते आणि मणी आत शिरत नाही. म्हणून मण्यावर आधी सुमारे १ मिमी जाडी होईपर्यंत चिकटपट्टी गुंडाळा, वर फिल्म, वर व्हॅसलीनचा हात. वाळलेल्या अवयवाच्या टोकाला ताजी माती लावून त्यात तो मण्याच्या एक तृतीयांश खोलीपर्यंत दाबा. अर्ध्याहून खोल गेला तर मणी अडकतो आणि सांधा फिरत नाही, फार उथळ राहिला तर घसरून बाहेर येतो. तासा-दोन तासांनी कड ताठ झाली की पीळ देत मणी काढून घ्या. तो आत ठेवूनच वाळवले तर आकसणारी कड त्याला आवळते आणि तडकते.

पूर्ण वाळल्यावर मण्यावर १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून उखळीत फिरवावा. मग उघड्या मण्यावर शिसपेन्सिल घासून तो उखळीत फिरवला की जिथे उंचवटा असेल तिथेच काळे उमटते. काळे तेवढेच घासायचे, पुन्हा फिरवायचे. एका गुडघ्याला यात सहज अर्धा तास जातो आणि इथे घाई केलेली बाहुली ओळखू येते: ती उभी केली की कुठल्यातरी एका बाजूला हळूच कलते. सगळे जमले की उखळीच्या कडेत पातळ फेव्हिक्विक जिरवावे. खिडकी उघडी ठेवा, आणि कापसाने मुळीच पुसू नका. कापसाला लागल्यावर ते इतके तापते की बोट भाजते.

पुढची गोष्ट खाचेची. मण्यातले भोक तसेच ठेवले तर इलॅस्टिक वाकत नाही. जिकडे अवयव वाकतो त्या बाजूला वरच्या भोकापासून खाच न्यावी लागते. गुडघा मागे वाकतो, म्हणून खाच मण्याच्या माथ्यापासून मागे. कोपराची पुढे. खुब्याची पुढे, कारण बाहुली बसते तेव्हा मांडी पुढे येते. खाचेची रुंदी इलॅस्टिकच्या जाडीच्या दीडपट, म्हणजे ३ मिमीच्या दोरीला साडेचार. दुहेरी दोरी तीत एकामागे एक बसते. खाचेच्या कडा गोल घासाव्यात, धारदार कड दोरी कापते. मांडीच्या उखळीची मागची कडही थोडी उतरवावी लागते, नाहीतर पोटरी तिला अडते आणि गुडघा अर्धवट वाकून थांबतो.

इलॅस्टिक गोल विणीचे, हातांना २ मिमी, पाय आणि डोके यांना ३ मिमी. चपटे आत पिळवटते. हातांचा वेढा एका मनगटापासून छातीतून दुसऱ्या मनगटापर्यंत. पायांचा वेढा एका घोट्यापासून वर मानेपर्यंत आणि तिथून दुसऱ्या घोट्यापर्यंत, मधोमध डोक्याच्या आकड्यात अडकवलेला. मनगटात आणि घोट्यात २ मिमीची आडवी पितळी काडी पक्की बसवून तिला इंग्रजी एस आकाराचा आकडा लावावा. आकडे स्टीलचे किंवा पितळेचेच करावेत, लोखंड गंजते आणि गंजाचा डाग मातीतून बाहेर फुटतो. मोजलेल्या मार्गाच्या ८० टक्के लांबीचा वेढा करून पाहा. बाहुली उभी राहत नसेल तर दर खेपेस १ सेंमीने आखूड करा. ओढायला क्रोशाची सुई कामी येते.

ताण वाढवून सगळे प्रश्न सुटतात असे मात्र समजू नये. गुडघा वाकवला की झटक्याने सरळ होत असेल, तर ताण जास्त आहे किंवा खाच पुरेशी मागे गेलेली नाही. मांडी बाहेरच्या बाजूला वळत असेल तर खुब्याची खाच रुंद झाली आहे. उखळी गुळगुळीत असल्याने हात वर राहत नसेल तर उखळीत पातळ मऊ चामड्याची चकती चिकटवा किंवा ग्लू गनचा अगदी पातळ थर द्या. त्यासाठी उखळीत मण्याभोवती अर्धा मिलिमीटर जागा आधीच राखलेली बरी.

डोक्याबद्दल थोडक्यात. कपाळाच्या वरून टोपी कापायची, १२ किंवा १४ मिमीचे डोळे आतून बसवायचे, टोपी पुन्हा घट्ट बसावी म्हणून तिला दोन लहान चुंबक. चेहरा कितीही वेळा बदलता येतो, माती लावा आणि घासा, म्हणून तो शेवटी.

घासणे १२०, २४०, ४०० अशा क्रमाने, कोरडेच, कारण ही माती पाण्याने पुन्हा सुटते. भुकटी फुप्फुसात जाण्यासारखी बारीक असते, तेव्हा एन-९५ मास्क लावावा आणि झाडू न मारता ओल्या फडक्याने टिपावी. भेगांत त्याच मातीची पुट्टी भरावी. मग जेसोचे (रंगाखाली देतात त्या पांढऱ्या अस्तराचे) दोन-तीन पातळ हात, अॅक्रिलिक रंग आणि वर मॅट वॉर्निश. मणी आणि उखळ्या रंगवू नयेत. तिथे अॅक्रिलिकचे दोन थर सतत दाबून राहिले की एकमेकांना चिकटतात आणि सांधा हलवताच पापुद्रा निघतो.

लेखात शेवटी ओव्हनचा पर्याय आहे. तो भाजून घट्ट होणाऱ्या पॉलिमर मातीचा, हवेत वाळणाऱ्या मातीचा नाही. पॉलिमर माती घेतलीच तर गाभा अॅल्युमिनियम फॉइलचा हवा. भट्टीत थर्माकोल वितळतो आणि त्याचा धूर घातक असतो. आणि ही बाहुली लहान मुलांच्या हाती देण्याची नव्हे. पडली तर तिची बोटे तुटतात, पण भीती चुंबकांची आहे. दोन चुंबक गिळले गेले तर आतडी मध्ये चिमटून छिद्र पडू शकते.

लेखासोबतच्या आकृतीत गुडघ्याची खाच पुढच्या बाजूला दाखवली आहे. तशी केली तर गुडघा उलटा, बगळ्यासारखा वाकेल. बाकीच्या कृतीचे काय करायचे ते आपण ठरवावे, पण येत्या रविवारी तेवढी आकृती तरी दुरुस्त करून छापावी. सुट्टी लागली आहे, मुलांनी ती आलेखाच्या कागदावर गिरवायला घेतली असेल.

आपल्या,
बाहुलीकाम करणाऱ्या दोन वाचक, डोंबिवली