एनआरओ खात्यातून परदेशात रक्कम पाठवण्यास साडेपाच महिने टाळाटाळ झाल्याबाबत तक्रार

दिनांक : 18 नोव्हेंबर 2024

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
लातूर शाखा

महोदय,

आपल्या शाखेत माझं खातं 2004 पासून आहे. कॉलेजच्या शिष्यवृत्तीसाठी उघडलं होतं. 2017 साली नोकरीनिमित्त जर्मनीत, स्टुटगार्टला आलो, तेव्हा नियमाप्रमाणे ते एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्यांचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं, करून घेतलं. तुम्ही सांगायच्या आधी मी स्वतः अर्ज दिला होता.

याच वर्षी औसा रोडवरचा माझा प्लॉट विकला. घेणाऱ्यानं टीडीएस कापून भरला आणि उरलेले 14 लाख 60 हजार रुपये याच खात्यात जमा झाले. इथे घर घेण्यासाठी ते मला हवे होते. एनआरओ खात्यातून एका आर्थिक वर्षात 10 लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते. माझी रक्कम त्याच्या जवळपासही जात नाही. 3 जूनला परदेशी रक्कम पाठवण्याचा ए-2 फॉर्म, आयकरासाठीचा 15सीए फॉर्म, कराबाबतचं सीएंचं 15सीबी प्रमाणपत्र, खरेदीखत, पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत असं सगळं कुरिअरनं पाठवलं. पोच माझ्याकडे आहे.

सतरा दिवसांनी उत्तर आलं : सही जुळत नाही.

मी सही मराठीत करतो. खातं उघडलं तेव्हा अठरा वर्षांचा होतो, अक्षर गोल होतं, शिरोरेषा पूर्ण ओढायचो. आता ती अर्ध्यावरच थांबते. पण पासपोर्टवर आजचीच सही आहे आणि त्याची प्रत तुमच्या टेबलावर होती. तरीही रजा टाकून म्युनिकच्या भारतीय वाणिज्य दूतावासात गेलो, सही साक्षांकित करून घेतली आणि कागद पुन्हा पाठवले. ऑगस्टमध्ये कळलं की असे व्यवहार या शाखेतून होतच नाहीत, फाइल मुंबईला जाते. हे जूनमध्ये का सांगितलं नाही? सप्टेंबरमध्ये मुंबईहून फाइल परत आली, कारण आता 15सीबीची तारीख जुनी झाली होती. कागद तुमच्याकडे पडून होते, म्हणून ती जुनी झाली. सीएंची फी मी दुसऱ्यांदा भरली.

घराच्या करारासाठी स्वतःची रक्कम दाखवायची मुदत 30 सप्टेंबर होती. ते घर हातचं गेलं.

आणि ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला बसलो ती आता सांगतो. ऑक्टोबरमध्ये माझ्या तीन ईमेलना उत्तर नाही, फोन कुणी उचलत नाही, म्हणून नाइलाजानं अण्णांना शाखेत पाठवलं. माझे वडील 71 वर्षांचे आहेत, गुडघा धरलेला आहे. औशाजवळच्या आमच्या गावाहून ते एसटीनं आले, ऐन सोयाबीनच्या काढणीत, मजूर रानात सोडून. पहिल्यांदा त्यांना सांगितलं, साहेब मीटिंगला गेलेत. दुसऱ्यांदा, सर्व्हर डाऊन आहे. तिसऱ्यांदा ते अकरापासून तीनपर्यंत बाकावर बसले आणि शेवटी काउंटरवरून निरोप मिळाला. संध्याकाळी त्यांनी मला फोन केला : "पोरालाच येऊ द्या म्हणूलालेत. तू काय कागद चुकलास का रे?"

माझा एकही कागद चुकलेला नव्हता. तरी त्या माणसाला वाटलं की आपल्याच पोराकडून काहीतरी राहिलं. याचं मला घर गेल्यापेक्षा जास्त वाईट वाटतं. आमच्या भागात बँकेच्या पायरीवर माणूस आधीच दबून चढतो. पीककर्जासाठी अण्णांनी असे किती दिवस त्याच बाकावर काढलेत, ते मी लहानपणी त्यांच्या शेजारी बसून पाहिलं आहे. माझ्या पैशासाठी त्यांना पुन्हा तिथं बसावं लागायला नको होतं.

आता माझं म्हणणं असं. एखादा कागद खरोखर कमी असेल तर तो कोणता, हे एकदाच आणि लेखी कळवा. तो मी आठवड्यात पाठवतो. नसेल तर रक्कम माझ्या जर्मनीतल्या खात्यात तातडीनं पाठवा. दुसऱ्या प्रमाणपत्राची फी आणि म्युनिकच्या फेरीचा खर्च बँकेनं द्यावा, पावत्या सोबत जोडल्या आहेत. आणि शाखेतल्या जबाबदार अधिकाऱ्यानं अण्णांना स्वतः फोन करून सांगावं की तुमच्या मुलाचे कागद बरोबर होते. त्यांचा नंबर अर्जावर आहे.

30 दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही, तर ही तक्रार याच कागदपत्रांसह रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे दाखल करीन. अण्णांना पुन्हा शाखेत बोलावू नये, ही विनंती.

आपला,
खातेदार
(नाव व खाते क्रमांक सोबतच्या अर्जावर)