शंभर सह्या म्हणजे सामूहिक तक्रार नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घराचा ताबा रखडला की सदनिकाधारकांच्या व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी लिहितोच, ‘चला, क्लास ॲक्शन (सगळ्यांच्या वतीने सामूहिक दावा) करू या, सगळ्यांनी सह्या द्या.’ आमच्याही गटावर हेच झाले. (बिल्डरचे नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगासमोर आहे.) सह्या जमल्या, आधारच्या झेरॉक्स जमल्या, वकिलांसाठी वर्गणीही निघाली. पण आपण नेमके काय दाखल करतो आहोत, हे निम्म्याअधिक लोकांना माहीत नव्हते. आपल्या अंकात सामूहिक दाव्यांवर चर्चा सुरू आहे, म्हणून हे पत्र.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३५ नुसार एक किंवा काही ग्राहक, हितसंबंध सारखा असलेल्या इतर सगळ्यांच्या वतीने तक्रार करू शकतात. त्यासाठी आयोगाची परवानगी लागते. परवानगी मिळाल्यावर दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश १, नियम ८ लागू होतो. म्हणजे संबंधित सर्वांना सूचना द्यायची, आणि प्रत्येकाला वैयक्तिक सूचना देणे शक्य नसेल तर वर्तमानपत्रात जाहीर सूचना छापायची. ज्याला स्वतः हजर व्हायचे असेल, त्याला पक्षकार होण्यासाठी अर्ज करता येतो. परस्पर तडजोड करून तक्रार मागे घेता येत नाही, त्याआधी पुन्हा सगळ्यांना कळवावे लागते. आणि शेवटचा निकाल सगळ्यांना बांधतो, ज्याने कधी सही केली नाही त्यालाही. ही शेवटची गोष्ट आमच्या गटावर कुणाच्याच ध्यानात नव्हती. तक्रार नीट लढवली गेली नाही, तर आपल्या शेजाऱ्याचाही हक्क आपण घालवून बसू शकतो.

याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२१ चा निकाल प्रत्येक सोसायटीने वाचावा असा आहे. बेंगळुरूमध्ये ब्रिगेड एंटरप्रायझेसच्या एका प्रकल्पात १,१३४ सदनिका होत्या. त्यांपैकी ५१ सदनिकांच्या ९१ खरेदीदारांनी उशिराबद्दल भरपाई मागितली आणि तक्रार सर्वांच्या वतीने चालवू द्या, असा अर्ज केला. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने परवानगी दिली. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. तिथे विचारले गेले, की उरलेल्या खरेदीदारांचेही गाऱ्हाणे हेच आहे, हे तक्रारीत कुठे मांडले आहे? ते मांडलेलेच नव्हते. त्यामुळे तिला सामूहिक तक्रारीचा दर्जा मिळाला नाही. पण न्यायालयाने तक्रारदारांना हाकलूनही दिले नाही. ९१ जणांनी फक्त आपल्यापुरती केलेली संयुक्त तक्रार म्हणून ती चालवायला मुभा दिली.

माझ्या मते बहुतेक सोसायट्यांना हवी असते ती हीच संयुक्त तक्रार. तिचे फायदे-तोटे सह्या करणाऱ्यांपुरतेच राहतात. तळमजल्यावरच्या दुकानदाराचा करार वेगळा, आधी पैसे भरलेल्याची ताब्याची तारीख वेगळी, कुणाला घर नकोच, पैसे परत हवेत. इतक्या तऱ्हांना ‘सारखा हितसंबंध’ म्हणणे कठीणच. शिवाय महारेराकडे, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाकडे, घर घेणाऱ्यांची संघटनाही तक्रार करू शकते, तो रस्ता वेगळा आहे.

मग अमेरिकेतली मंडळी इतक्या सहजपणे या दाव्यांबद्दल कसे बोलतात? तिथे भरपाईच्या दाव्याला न्यायालयाने ‘वर्ग’ म्हणून मान्यता दिली, की त्या वर्गात बसणारा प्रत्येक जण आपोआप आत येतो. नको असेल तर त्याने मुदतीत तसे कळवायचे. वकील जिंकलेल्या रकमेतून फी घेतात, त्यामुळे सुरुवातीचा खर्च तेच सोसतात. आपल्याकडे बार कौन्सिल या वकिलांच्या नियामक संस्थेच्या नियमांनुसार वकिलाला दाव्याच्या फळात वाटा घेता येत नाही. खिशातून पैसे कुणी आधी घालायचे, हा प्रश्न म्हणून इथे पहिल्याच बैठकीत येतो आणि बऱ्याचदा तिथेच बैठक संपते.

तिकडेही सगळे गोड नाही. लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या एक्विफॅक्स या कंपनीकडून २०१७ मध्ये सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती फुटली. २०१९ च्या तडजोडीत रोख मागणाऱ्यांना १२५ डॉलरपर्यंत मिळतील असे जाहीर झाले. मात्र त्या पर्यायासाठी बाजूला ठेवलेली रक्कम होती ३ कोटी १० लाख डॉलर. अर्जांचा पूर आला आणि काही दिवसांतच सरकारी यंत्रणेला सांगावे लागले की इतके हाती पडणार नाहीत.

आपल्याकडे सरकारही ग्राहकांच्या वतीने तक्रार करू शकते. मॅगी नूडल्समधल्या शिशाच्या वादात केंद्र सरकारने ऑगस्ट २०१५ मध्ये नेस्ले इंडियाकडे सुमारे ६४० कोटी रुपये मागितले होते. राष्ट्रीय आयोगाने ती मागणी फेटाळली एप्रिल २०२४ मध्ये. तेव्हाची पहिलीतली पोरे दहावीच्या उंबरठ्यावर पोहोचली!

संपादक महाशय, एक मागणे थेट आपल्याकडे आहे. ज्या जाहीर सूचनेमुळे हजारो लोकांचे हक्क बांधले जाऊ शकतात, ती आपल्या आतल्या पानावर, हरवलेल्या शेअर सर्टिफिकेटच्या आणि जमिनीच्या हरकतींच्या गर्दीत मुंगीएवढ्या अक्षरांत असते. जाहिरातीचा दर काय तो घ्या. पण आयोगाने काढायला लावलेल्या अशा सूचनांना आठवड्यातून एक ठरलेला रकाना द्या, वर ठळक अक्षरांत प्रकल्पाचे किंवा वस्तूचे नाव छापा आणि शेजारी हजर होण्याची शेवटची तारीख.

आपला,
एक सदनिकाधारक, डोंबिवली (पूर्व)