आधी पाणी, मग महाल

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कल्पित साम्राज्यांच्या अद्भुतकथा मी अनेक वर्षे आवडीने वाचत आलो आहे. त्यांत सम्राटाचा उन्हाळी महाल हमखास भेटतो. संगमरवरी सज्जे, उंच उडणारी कारंजी, कमळांनी भरलेली तळी, सावलीत पहुडलेली हरणे असे त्याचे वर्णन देखणे असते. पण दोन-तीन पाने उलटली की एकच प्रश्न मला छळू लागतो आणि तो अशा कथा लिहिणाऱ्यांपुढे आपल्या दैनिकातून मांडावासा वाटतो. या कारंज्यांना पाणी कुठून येते?

प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण खऱ्या सम्राटांना तो सुटला की नाही यावरच त्यांच्या बागा उभ्या राहिल्या किंवा फसल्या. रशियाच्या पहिल्या पीटरने समुद्रकाठी पीटरहोफ बांधायला घेतले, तेव्हा सुमारे वीस किलोमीटरवरच्या रोप्शाच्या उंचवट्यावरून कालव्याने पाणी आणले गेले. तिथली कारंजी पंपाशिवाय, केवळ उंचीच्या फरकावर उडतात. सिंहाचा जबडा फाडणाऱ्या सॅमसनच्या पुतळ्यातून निघणारा झोत सुमारे २० मीटर चढतो. याउलट व्हर्सायला जवळपास उंचावरचे पुरेसे पाणी नव्हते. चौदाव्या लुईने सेन नदीवर १४ प्रचंड चाकांचे यंत्र बसवले, पुढे दूरच्या नदीचे पाणी वळवण्यासाठी हजारो सैनिक खोदकामाला जुंपले, त्यांतले कितीतरी तापाने दगावले आणि १६८८ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर ते काम अर्धवट राहिले. सगळी कारंजी एकाच वेळी चालवणे परवडत नसल्याने राजा ज्या वाटेने येईल तिथली कारंजी सुरू करण्यासाठी कर्मचारी एकमेकांना शिट्टीने इशारा देत. त्या शिट्टीत मला एक अख्खी कथा दिसते. झडपेवर हात ठेवून झुडपाआड उभा असलेला तो माणूस सम्राटाला दररोज पाहतो आणि सम्राट त्याला कधीच पाहत नाही. आपल्या कल्पित दरबारांत सेनापती, जादूगार आणि राजकन्या पुष्कळ असतात. हा माणूस मला अजून कुठे भेटलेला नाही.

काश्मीरमधील शालिमार बागेचे काम जहांगीरच्या काळात १६१९ मध्ये सुरू झाले. डोंगराकडून आलेला पाट बागेच्या मधोमध टप्प्याटप्प्याने उतरत जातो. खालच्या टप्प्यावर आम दरबार, त्याच्या वर खास दरबार आणि सर्वांत वर जनाना. पाणी आधी अंतःपुरात पोहोचते आणि प्रजेच्या वाट्याला शेवटी येते. राज्यातील मानाचा क्रम याहून स्पष्टपणे कोणता लेखक सांगू शकेल? पडणाऱ्या पाण्यामागच्या भिंतीत कोनाडे आहेत. त्यांत दिवसा फुले आणि रात्री दिवे ठेवत. पाण्याच्या पडद्याआड हलणाऱ्या त्या ज्योतींना कुठल्याही मंत्राची गरज नाही.

दुसरी उणीव मला अधिक खुपते. कथांमध्ये सम्राट उन्हाळी महालात केवळ विश्रांतीला जातो आणि कारस्थाने तेवढी मागे राजधानीत शिजतात. प्रत्यक्षात राज्यकारभारच त्याच्यामागून चालत जात असे. चीनच्या कांगशी सम्राटाने १७०३ मध्ये चंग्दे येथे जे उन्हाळी निवासस्थान उभारायला घेतले, ते त्याचा नातू चिएनलुंग याच्या कारकिर्दीत, १७९२ मध्ये पूर्ण झाले. त्याचा विस्तार ५६० हेक्टरांहून अधिक आहे आणि त्यातला सुमारे चार पंचमांश भाग डोंगराळ आहे. ज्यांना देवी येऊन गेल्या नव्हत्या, अशा मंगोल सरदारांना साथीच्या भीतीमुळे बीजिंगला येणे धोक्याचे वाटे. त्यांच्या भेटी थंड, मोकळ्या चंग्देला होत. रोगाची भीती, हवामान आणि मुत्सद्देगिरी यांनी मिळून त्या जागेचे महत्त्व ठरवले होते. दक्षिणेच्या दौऱ्यांत सम्राटांना भावलेल्या स्थळांच्या प्रतिकृती तळ्यांकाठी उभ्या राहिल्या, उत्तरेच्या मैदानात मंगोल पद्धतीचे तंबू लागले आणि कोटाबाहेर १७६७ ते १७७१ या काळात ल्हासाच्या पोताला राजवाड्याच्या धर्तीवर मंदिर बांधले गेले. बागेतून फेरफटका मारला की साम्राज्य पाहून होई. १७९३ मध्ये ब्रिटिश राजदूत मॅकार्टनी याला चिएनलुंगने भेट दिली, तीही याच मैदानावरच्या एका तंबूत. आपल्या लेखकांनी कल्पित सम्राटाच्या बागेत जिंकलेल्या प्रांतांच्या अशा प्रतिकृती मांडाव्यात आणि त्यातल्याच एका प्रांतातून आलेला ओलीस राजपुत्र त्या खोट्या डोंगरासमोर उभा करावा. पुढची कथा तो स्वतःच घडवील.

कल्पनाशक्तीला तपशिलांच्या बेड्या कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. तो मला मान्य नाही. कुबलाई खानाच्या शांग्दू या उन्हाळी राजधानीत बांबूचा एक महाल होता आणि तो दोनशेहून अधिक रेशमी दोरांनी ताणून उभा केलेला असे, असे मार्को पोलो सांगतो. हवे तेव्हा तो उतरवून हलवता येई. हे वर्णन मनात घर करते ते त्या दोरांमुळे. महाल उभा कसा राहतो हे कळले की तो कोसळूही शकतो हे वाचकाला जाणवते, आणि मग त्या महालाविषयी त्याला आस्था वाटू लागते. नुसता ‘अवर्णनीय सुंदर’ महाल जळाला तरी मन हलत नाही. बीजिंगजवळच्या युआनमिंगयुआन या चिनी सम्राटांच्या उद्यान-महालाला १८६० च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश सैन्याने आग लावली, त्याआधी ब्रिटिश आणि फ्रेंच सैनिकांनी तो लुटला होता. पाण्याच्या घड्याळाभोवतीची बारा प्राण्यांची ब्राँझची मस्तके त्या उद्यानातून नाहीशी झाली आणि त्यांतली काही शतकाहून अधिक काळानंतर परत मिळाली, हे वाचताना आजही वाईट वाटते.

अद्भुतकथा लिहिणाऱ्या तरुण लेखकांना माझी कळकळीची विनंती आहे की खांबांची संख्या ठरवण्याआधी कागदावर उंचवटा, ओढा, पाट आणि शेवटचे कुंड यांची रेघ ओढावी, आणि पाटाच्या दारापाशी राहणाऱ्या कुटुंबाला नावे द्यावीत. सम्राट वर्षातले काही महिनेच तिथे असतो. तो निघून गेल्यावर तळ्यांतला गाळ कोण काढते, थंडीत नळ फुटू नयेत म्हणून ते कोण रिकामे करते, रिकाम्या दालनांत दिवा कोण लावते, हेही लिहावे. चंग्दे येथे १८६१ मध्ये शियानफंग सम्राटाचे निधन झाले आणि त्यानंतर छिंग घराण्याचा एकही सम्राट तिथे उन्हाळ्याला आला नाही. सम्राटाची वाट पाहत झाडलोट होत राहिलेल्या अशाच एखाद्या कल्पित महालाची कथा आपल्या पुरवणीत वाचायला मिळाली, तर मला मनापासून आनंद होईल.

आपला,
एक नियमित वाचक