बाळंतिणीजवळ कोण बसणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बाळंतपण घरी की रुग्णालयात, यावर दोन्ही बाजूंनी तावातावाने बोललं जातं. माझी सगळी नोकरी प्रसूतिकक्षात गेली. या वादात मला एक प्रश्न नेहमी राहून गेलेला दिसतो : पहिल्या कळेपासून वार पडून रक्त थांबेपर्यंत त्या बाईजवळ बसणार कोण?

रुग्णालयात डॉक्टर असतात, रक्त मिळतं, शस्त्रक्रियेची सोय असते. पण एका सिस्टरकडे चार-पाच खाटा असल्या, की ती तपासते, नोंद करते आणि पुढे जाते. बाई उताणी पडून, घाबरून एकटीच कळा सोसते. मग ‘प्रगती होत नाही’ म्हणून सलाइनमधून कळांचं औषध सुरू होतं. गर्भपिशवीचं तोंड तासाला १ सेंटीमीटर उघडलंच पाहिजे, हा हिशेब जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्येच मोडीत काढला. तोंड ५ सेंटीमीटर उघडल्यावरही पहिलटकरणीला १२ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. आई आणि बाळ ठीक असतील तर थांबावं, तिला उठू-फिरू द्यावं, तिच्या पसंतीचं माणूस जवळ असू द्यावं.

घरी बाळंत होऊ पाहणाऱ्यांनाही स्पष्टच सांगते. इंग्लंडमधला २०११चा मोठा अभ्यास धोका कमी असलेल्या बायकांचा होता, आणि त्यांच्या हाताशी प्रशिक्षित सुईणी होत्या. तरी घरी बाळंतपण ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी सुमारे ४५ टक्के जणींना रुग्णालयात हलवावं लागलं. त्यांच्या बाळांना गंभीर त्रासही अधिक झाला. आधी बाळंतपण झालेल्यांत मात्र हलवण्याचं प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास होतं आणि बाळांचा धोका वाढलेला दिसला नाही. म्हणजे हलवणं हा घरच्या बाळंतपणाचाच भाग धरायला हवा. तशी आलेली बाई दारातच ‘आता आणलंत होय?’ असं ऐकते, ते मला फार लागतं. पुढच्या खेपेला ती त्या भीतीने आणखी उशिरा येते.

बाळ रडलं की सगळे बाळाभोवती जमतात. मला धास्ती असते ती त्यानंतरच्या दोन तासांची. रक्त कपड्यांत मुरतं, अंगाखाली साठतं आणि नजरेचा अंदाज कमीच येतो. चार आफ्रिकी देशांतल्या ८० रुग्णालयांत झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. बाळंतिणीखाली मापाच्या खुणा असलेलं प्लास्टिक अंथरून रक्त मोजलं. ते जास्त जातंय असं दिसताच पोट चोळणं, गर्भपिशवी आवळण्याचं औषध, रक्त थांबवायला मदत करणारं ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड, सलाइन आणि तपासणी हे सगळं एकाच वेळी सुरू केलं. अतिरक्तस्रावाचे गंभीर प्रकार ६० टक्क्यांनी घटले. एवढ्या साध्या साधनाने! पण ते माप बघायला जवळ माणूस हवं.

घरच्यांनी नाव नोंदवतानाच विचारावं : कळांच्या वेळी एका सुईणीकडे किती जणी असतील, रक्त कशाने मोजणार? घरी ठरवलं असेल तर हलवायचा निर्णय कोण घेणार आणि तिकडे कळवणार कोण, हेही आधीच ठरवून घ्यावं.

आपली,
एक निवृत्त परिसेविका