दोन टक्क्यांची बातमी

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

पावसाळा सरत आला की आपल्या जिल्हा पानावर एक बातमी ठरलेली असते. ‘जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांत आपल्या डॉक्टरांचा समावेश, स्टॅनफर्ड विद्यापीठाकडून निवड.’ खाली शाल-श्रीफळाचा फोटो. यंदाही आली. डॉक्टरांचे अभिनंदन मनापासून, पण बातमी तीनदा वाचूनही त्यांनी शोधले काय ते मला कळले नाही.

मी ३१ वर्षे एका वैद्यकीय महाविद्यालयात ग्रंथपाल होते. ‘इंडेक्स मेडिकस’ या वैद्यकीय लेखसूचीचे जाडजूड खंड झटकण्यापासून स्कोपस या शोधनिबंधांच्या संगणकीय सूचीच्या पासवर्डपर्यंत सगळे या हातांनी केले, म्हणून हे लिहिण्याचे धाडस.

पहिली गोष्ट, ही ‘निवड’ नव्हे. कोणी अर्ज मागवत नाही, कोणाची समिती बसत नाही, कोणी शोधनिबंध वाचतही नाही. स्टॅनफर्डचे प्राध्यापक जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपसमधली माहिती घेऊन सहा आकड्यांचा मिळून एक गुणांक काढतात. एकूण दाखले (म्हणजे नंतरच्या निबंधांत त्या कामाचे आलेले उल्लेख, सायटेशन) किती, एच-इंडेक्स किती, एकट्याने किंवा पहिले नाव लावून लिहिलेल्या निबंधांना दाखले किती, असे ते आकडे. (ज्यांच्या २० निबंधांना प्रत्येकी किमान २० दाखले मिळाले, त्यांचा एच-इंडेक्स २०. हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये हे माप काढले.) याद्याही दोन असतात, एक आयुष्यभराच्या कामाची आणि एक फक्त एका वर्षातल्या दाखल्यांची. स्वतःच स्वतःच्या निबंधांना दिलेले दाखले धरून आणि वगळून, असे दोन्ही हिशेब त्यात मांडलेले असतात. आपल्या बातमीत यातले काहीच नसते.

हे आकडे निरुपयोगी आहेत असे मी म्हणत नाही. पण पदोन्नतीच्या हंगामात आमच्या टेबलापुढे लागणारी रांग मी पाहिली आहे. “मॅडम, हे जर्नल इंडेक्स्ड आहे ना?” म्हणजे मान्य सूचीत आहे ना, एवढाच प्रश्न. एकदा सात नावांच्या एका निबंधातले तिसऱ्या नावाचे डॉक्टर त्याचे प्रमाणपत्र न्यायला आले आणि मलाच विचारू लागले, “पेपरचं टायटल काय आहे हो?” मी वाचून दाखवले. त्यांनी ते लिहून घेतले.

आता महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचे काम पाहा. लाल विंचू चावला की कोकणात माणसे दगावत. विषाने रक्तदाब चढे, हृदय थके, फुप्फुसांत पाणी भरे. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी रात्री काढून हे बारकाईने टिपले आणि रक्तदाबाची एक साधी गोळी, प्राझोसिन, वापरून पाहिली. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर छापून आले तेव्हा लेखकांची नावे दोनच होती, ते स्वतः आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी. पुढे २०११ मध्ये प्राझोसिनच्या जोडीला विंचवाच्या विषावरची प्रतिलस देऊन केलेली चाचणी ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. पण गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री दोन वाजता ती गोळी देणारा डॉक्टर निबंध लिहायला बसत नाही. त्यामुळे त्याने वाचवलेला रुग्ण कोणाच्याच एच-इंडेक्समध्ये मिळवला जात नाही. विंचूदंशावर संशोधन करणारे जगात मूठभर, म्हणजे दाखले देणारेही मूठभरच. कर्करोगावर लिहिणाऱ्याला दाखले देणाऱ्यांची गर्दी आयती मिळते.

एका वर्षाच्या यादीबद्दलही थोडे. कोलकात्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी कॉलऱ्याचे जंतू गाळून उरलेल्या द्रवातच विष असते हे १९५९ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले. आरंभी त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही, म्हणजे एका वर्षाचे दाखले मोजणाऱ्या यादीत ते तेव्हा दिसलेच नसते. डे १९८५ मध्ये गेले. दाखले मोजण्याची ही सगळी पद्धत ज्यांनी उभी केली त्या यूजीन गारफिल्ड यांनीच १९८६ मध्ये डे यांच्या कामावर लेख लिहिला. म्हणजे आकडेवाल्यानेच शेवटी दखल घेतली, पण तोवर माणूस राहिला नव्हता.

तेव्हा विनंती एवढीच, की ‘निवड’ हा शब्द गाळा. यादी आयुष्यभराची की एका वर्षाची ते लिहा, विषय लिहा, आणि डॉक्टरांना फोन करून त्यांचे काम दोन ओळींत विचारून घ्या. जागा लागलीच तर श्रीफळाचा फोटो थोडा लहान करता येईल. यंदाच्या बातमीतल्या डॉक्टरांचे नाव मी मुलाच्या लॅपटॉपवर शोधले. ते एका वर्षाच्या यादीत आहेत आणि त्यांचे काम औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर आहे. आमच्या शेजारच्या गल्लीतला एक मुलगा गेले सात महिने त्याच आजाराच्या गोळ्या घेतो आहे. त्याच्या आईने ती बातमी वाचली होती.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल, मिरज