पेटी बांधून देणाऱ्या काकांस

काका,
सा. न. वि. वि.

अण्णांच्या संग्रहातलं ओकेनाइट, तो केसांसारख्या तंतूंचा नाजूक दगड, लिलावासाठी मुंबईत सुखरूप पोचलं. लिलाव करणाऱ्यांनी झाकण उघडलं तेव्हा मी समोरच उभी होते. एक तंतूही आडवा झाला नव्हता. त्याच रात्री तुम्हाला फोन केला, पण आवाज भरून आला आणि काही बोलताच आलं नाही. म्हणून हे पत्र. चारचौघांना कळावं म्हणून उघडच लिहिते आहे.

अण्णांनी आयुष्यभर दगड जमवले. वाघोलीच्या खाणीतलं निळंशार कॅव्हनसाइट, जळगावकडचं स्टिलबाइट. कोकण रेल्वेचे बोगदे खणत होते तेव्हा सुट्टीच्या दिवशी ते हातोडी घेऊन फोडलेल्या कातळाच्या ढिगात बसायचे. सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यात बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, पुढे पाणी झिरपत गेलं आणि त्या पोकळ्यांत हे स्फटिक वाढले. विहीर खणताना सापडले तर आपण गारगोट्या म्हणून फेकून देतो.

अण्णा गेल्यावर दोन पावसाळे मी सगळं सांभाळलं. दगडांचं निभलं, अशनीचं निभेना. १२ फेब्रुवारी १९४७ ला रशियात सिखोते-आलिनच्या डोंगरांत आकाशातून पडलेल्या लोखंडाचा तो तुकडा. त्यात निकेल असतं, तरी आपल्या खाऱ्या, दमट हवेत गंज धरतोच. अण्णा न चुकता त्यावर तेलाचा हात फिरवायचे. माझ्याकडून राहिलं, आणि श्रावणात त्याच्या कडेला तांबूस पूड सुटलेली दिसली. त्या दिवशी मी फार रडले. ज्यांना हे जपता येईल त्यांच्या हाती जावं, हे तेव्हाच ठरवलं.

पहिले सहा नग मी बबल रॅपमध्ये गुंडाळून पार्सलने पाठवले. स्टिलबाइटचे स्फटिक भाताच्या पेंढीसारखे असतात, मध्ये आवळलेले, टोकांना पसरलेले. त्यातली एक पेंढी मधोमध मोडून पोचली. मोडलेल्या स्फटिकाला कोण बोली लावणार? आणि ओकेनाइट तर अजून घरातच होतं.

ते बघायला तुम्ही आलात तेव्हा हात मागे बांधून पडवीत किती तरी वेळ नुसते बघत उभे होतात. कातळाच्या खळग्यात सावरीच्या कापसासारखे पांढरे गोळे, आणि त्यातला एकेक केस म्हणजे एकेक स्फटिक. बोट लागलं की चपटा होतो, परत उभा राहत नाही. मी हे सांगितल्यावर तुम्ही एवढंच विचारलंत, "बाय, ह्याचा देठ कुठं?"

मला तो प्रश्न सुचलाच नव्हता. मी आपली त्या कापसाला काय गुंडाळायचं याच्याच विचारात. तुम्ही खालचा कातळ धरलात. त्याच्या तळाच्या आकाराची फळी कोरलीत, तिला भोकं पाडून सुतळीने दगड फळीशी आवळलात, आणि कापसाच्या चहूबाजूंनी चार बोटं मोकळी सोडलीत. ती पेटी दुसऱ्या मोठ्या पेटीत, मध्ये पेंढा. भाद्रपदातला पेंढा दमट म्हणून तीन दिवस चुलीवरच्या माळ्यावर वाळवलात. अशनीच्या जवळ मात्र पेंढ्याची काडीसुद्धा येऊ दिली नाहीत. तिला घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या. सगळं झाल्यावर ओकेनाइटची पेटी अंगणात स्वतः आडवी करून हलवून बघितलीत. माझा जीव खालीवर होत होता, तुम्ही शांत.

चिठ्ठ्यांचंही तुमचंच. दगड कुठला, कधी मिळाला, हे अण्णांच्या अक्षरात लिहिलेल्या चिठ्ठ्या मी एका पाकिटात भरून पाठवणार होते. आंब्याच्या पेट्यांना तुम्ही नंबर घालता तसे दगडाला आणि चिठ्ठीला एकच नंबर घालून वहीत उतरवलेत. लिलावात पहिली विचारणा त्या चिठ्ठ्यांचीच झाली. ठिकाण माहीत नसलेल्या दगडाला जाणकार हात आखडून बोली लावतात. अशनीच्या खरेदीची पावतीही त्याच वहीमुळे चटकन सापडली.

एवढं करून तुम्ही फक्त लाकडाचे पैसे घेतलेत. मी वाद घातला, तुम्ही ऐकलं नाहीत.

ओकेनाइट नाशिकच्या एका गृहस्थांनी घेतलं. ते म्हणाले, दगड याच पेटीतून घरी नेतो, पेटी परत मागू नका. तुम्हाला न विचारता मी हो म्हटलं. अण्णांचं हिरवं ॲपोफिलाइट मात्र विकलं नाही. ते त्यांच्या खिडकीत आहे. चहाला या आणि बघा.

चैत्रात पेट्या भरायला घेतल्यात की मला हाक मारा. पेंढा पसरायला मी येते.

तुमची,
शेजारची बाय
पावस