नालबंद यायच्या आधी आणि नंतर

चि. ऋतास अनेक आशीर्वाद.

घोडी तुझ्याकडे आली, पुढच्या आठवड्यात वाढलेले खूर कापून नाल ठोकणारा नालबंद येणार, आणि त्या दिवशी नेमकं काय करायचं असं तू विचारलंस. हा प्रश्न त्या एका दिवसापुरता नाही. नालबंद दीड-दोन महिन्यांतून एकदा तासभर येतो; मधले सगळे दिवस ते खूर तुझ्या ताब्यात असतात. शिवाय चांगले नालबंद थोडे आणि त्यांना बोलावणारे पुष्कळ. कुठल्या तबेल्यात पुन्हा जायचं आणि कुठलं काम टाळायचं, हे त्यांनी मनाशी ठरवलेलं असतं. तुझ्याकडचं काम त्याला टाळावंसं वाटू नये, कारण शेवटी त्याची झळ घोडीलाच बसते.

सगळ्यात आधी तारीख सांभाळ. खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो, आणि नाल ठोकलेला असला की तो जमिनीवर झिजत नाही. ही वाढ खाली आणि पुढे होते, त्यामुळे खुराबरोबर नालही पुढे सरकतो. टाचांखालचा आधार सुटतो. खूर नालापेक्षा रुंद होतो, टाचा नालाच्या कडेवरून बाहेर ओघळतात आणि नालाची मागची टोकं टाचेच्या कोपऱ्यात, तळव्यावर रुततात. तिथे आत रक्त साखळतं आणि घोडी पाय चोरू लागते. पुढची बाजू लांबली की पाऊल उचलायला उशीर होतो आणि पायामागच्या कंडरांवर प्रत्येक पावलाला जादा ताण येतो. बाहेरून बघणाऱ्याला मात्र फक्त ‘खूर थोडे वाढलेत’ एवढंच दिसतं.

म्हणून दहा-बारा आठवड्यांनी बोलावून ‘आता सगळं नीट करून द्या’ असं म्हणणं अन्यायाचं आहे. एका खेपेला किती कापायचं याला मर्यादा असते. त्यापलीकडे गेलं तर तळवा पातळ होतो आणि घोडी खड्यांवर पाय टेकत नाही. बिघडलेला खूर तीन-चार खेपांत हळूहळू वळणावर येतो, कारण पुढच्या बाजूची भिंत, म्हणजे खुराचं बाहेरचं कठीण कवच, वरून खालपर्यंत नवी यायला नऊ ते बारा महिने लागतात. सहा आठवडे, फार तर आठ, हे अंतर धर. थंडीत वाढ मंदावते, तेव्हा ते थोडं वाढवायचं का, हे त्याला ठरवू दे. तो निघायच्या आधी पुढची तारीख लिहून घे. रद्द करावी लागली तर आदल्या रात्री नको, कळल्याबरोबर सांग.

दुसरी गोष्ट घोडीच्या सवयीची. घोडीला उभं राहायला शिकवणं हे त्याचं काम नाही. पुढचा पाय तो आपल्या गुडघ्यांमध्ये धरतो, मागचा मांडीवर घेतो, आणि कंबरेत वाकून साडेचारशे-पाचशे किलोच्या जनावराखाली काम करतो. घोडीने अंग टाकलं किंवा पाय हिसडला तर त्याच्या पाठीचं आणि मनगटाचं कायमचं नुकसान होऊ शकतं. खूर रोज साफ करतेसच, तेव्हाच हा सराव घे: पाय मागे धर, मग पुढे ओढून थोडा वेळ ठेव, तळव्यावर आणि भिंतीवर काठीने हलके टकटक कर. सुरुवातीला काही सेकंद पुरेत; हळूहळू दोन-तीन मिनिटांवर ने. ती शांत असताना तूच पाय खाली ठेव. तिने हिसडा मारल्यावर सोडलास तर हिसडा मारला की सुटका होते, हेच ती शिकेल. म्हाताऱ्या किंवा सांधे धरलेल्या घोड्याचा पाय उंच उचलवत नाही. ते आधी सांगितलं तर नालबंद पाय खाली धरून, मध्ये थांबत काम करतो. एखादं जनावर फारच बुजत असेल तर गुंगीचं औषध डॉक्टरांनीच द्यायचं, आणि तेही नालबंदाला आधी कळवून.

त्या दिवशी तो पोहोचेल तेव्हा घोडी मोरकी घालून हाताशी असू दे. रानात तिच्यामागे धावण्यात त्याचा अर्धा तास गेला तर पुढच्या सगळ्या घोड्यांना उशीर होतो. पाय कोरडे आणि चिखल काढलेले हवेत, पण ऐन वेळी धुऊ नकोस. ओला पाय हातातून निसटतो. खुराला तेलही लावू नकोस. जागा सपाट, टणक, कोरडी, उजेडाची आणि सावलीची हवी. उताराच्या किंवा मऊ जमिनीवर खुराचा तोल डोळ्याने जोखता येत नाही. बादल्या, कुत्री, लहान मुलं लांब ठेव. माश्या असतील तर औषध आधीच फवार, तो खाली वाकलेला असताना नको. एकटी राहिली की बिथरते अशी घोडी असेल तर सोबतीचा घोडा दिसेल असा बांध.

धरायला तू स्वतः उभी राहा. नालबंद ज्या बाजूला असेल त्याच बाजूला, डोक्याच्या किंचित बाजूला. अगदी समोर कधीही नको. घोडी बिथरली तर तिचं तोंड तुझ्याकडे वळव, म्हणजे मागचा भाग त्याच्यापासून लांब जातो. दोरी हाताभोवती गुंडाळू नकोस. मोबाइल खिशात राहू दे. तो खाली असताना घोडीला मारणं, ओरडणं अजिबात नको. तिने घेतलेली उडी त्याच्याच अंगावर येते. खाऊ द्यायचा का, तेही त्याला विचार. चघळताना डोकं हलतं आणि तोल जातो, म्हणून काहींना ते चालत नाही.

काम सुरू होण्याआधी तिला टणक जमिनीवर चालवून आणि दुडकी चालीने पळवून दाखव. गेल्या खेपेनंतर काय बदललं तेही सांग: काम वाढलं का, जमीन बदलली का, कुठे अडखळते का, कुठलं औषध चालू आहे. ही माहिती त्याला फार उपयोगी पडते. इंटरनेटवरचे फोटो दाखवून त्याला नालबंदी शिकवू नकोस; प्रश्न मात्र जरूर विचार. ‘या टाचेखाली जास्त का ठेवलंत?’ असं विचारलं तर मन लावून काम करणारा माणूस सांगतोच.

मधल्या दिवसांत रोज खूर टाचेकडून पुढच्या दिशेने साफ कर. तळव्यातल्या मऊ त्रिकोणी गादीच्या बाजूच्या चरांमध्ये काळा, घाण वासाचा चिकटा दिसला तर ओली, घाणेरडी जमीन हे त्याचं नेहमीचं कारण. ती कोरडी करणं तुझं काम. नालबंद कुजलेला भाग कापून काढेल, पण खालचा शेणमुताचा चिखल तसाच राहिला तर पुढच्या खेपेला तेच दिसेल. त्याच वेळी भिंतीवर दुमडलेली खिळ्यांची टोकं बोटाने चाचप. ती वर उचललेली लागली किंवा नाल हलला तर लगेच फोन कर, स्वारी थांबव.

अर्धवट निघालेला नाल कसा काढायचा, हे पहिल्याच भेटीत त्याच्याकडून शिकून घे. आधी खिळ्यांची दुमडलेली टोकं सरळ करायची किंवा कानशीने घासून काढायची. मग पकडीने टाचेकडून सुरुवात करून, दोन्ही बाजूंनी आळीपाळीने, खुराच्या मध्याकडे झुकवत नाल सैल करायचा. बाहेरच्या बाजूला पिळलास तर भिंतीचा तुकडा निघतो आणि पुढचे खिळे ठोकायला जागाच राहत नाही. निघालेले खिळे मोज. आत एखादा राहिला तर तो पायात घुसतो. मग खुराखाली जाड कापूस ठेवून रुंद चिकटपट्टीने गुंडाळ आणि घोडी ठाणावर ठेव. नाल सापडला तर जपून ठेव, बऱ्याचदा तोच पुन्हा बसतो.

नालबंदी झाल्यावर त्याच दिवशी किंवा दोन-तीन दिवसांत घोडी लंगडली, तर पहिला फोन त्यालाच. खिळा आतल्या जिवंत भागाला लागला किंवा फार जवळून गेला, की असं होतं. कसलेल्या हातूनही होतं. कुठला पाय, केव्हापासून, खूर गरम लागतो का, एवढं नेमकं सांग. तो येऊन तो खिळा काढेल. छिद्रातून रक्त किंवा पू आला तर डॉक्टरांनाही बोलाव आणि धनुर्वाताची लस कधी दिली ते दाखव. घोड्यांना धनुर्वात फार लवकर होतो. तक्रार आधी गावभर करून मग त्याला कळवणाऱ्या मालकाकडे कुठला नालबंद मनापासून काम करेल? मात्र पुढचे दोन्ही पाय गरम असतील आणि घोडी मागे रेलून उभी असेल, तर तासाचाही उशीर न करता आधी डॉक्टर. नालबंद त्यांच्या सांगण्याप्रमाणे पुढचं काम करेल.

पैसे त्याच दिवशी, ठरले तेवढे, न मागता दे. हात धुवायला पाणी आणि प्यायला पाणी तयार ठेव. आणि त्याचं काम चालू असताना ‘आलाच आहात तर हे दुसरं शिंगरूही बघा’ असं म्हणू नकोस. शिंगराचं आजच त्याला फोनवर सांग, म्हणजे तो त्याचा वेळ धरून येईल. तोवर शिंगराचे पाय रोज दोनदा हातात घेत राहा.

तुझा,
बाबा